पाहुणी केबल आणि घरची केबल: प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून

भाचा आज स्पीकर केबल घेऊन आला. विकत घेतलेली नाही, महिनाभर वापरून बघायला मिळाली आहे. मन भरलं नाही तर परत. तीन-तीन मीटरच्या दोन, अंगठ्याएवढ्या जाड, वर काळ्या विणलेल्या जाळीचं आवरण, आणि सोबत लाकडी पेटी. दोन्हींवर पांढरे बाण छापलेत, सिग्नल कुठून कुठे जायचा ते सांगणारे. स्पीकरकडे जाणारा सिग्नल एसी असतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट फिरतो, त्यामुळे बाण कुणासाठी हे मला कळेना. पण पहिल्याच दिवशी पोराचा हिरमोड कशाला करा, म्हणून गप्प बसले.

किमतीबद्दल एवढंच लिहिते की ती त्याच्या स्पीकरांच्या जोडीइतकी आहे.

"मावशी, तीन परीक्षकांनी लिहिलंय. तिघं एकमेकांना ओळखतही नसतील. तिघांचे कान एकदम कसे चुकतील?"

प्रश्न रास्त आहे. मी बावीस वर्षं ध्वनिसंकलन करते. केबलींबद्दल माझं मत आहे, ठाम आहे, आणि आज लक्षात आलं की ते मी कधीच तपासलेलं नाही. कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, मी मान डोलावली, झालं. म्हणजे भाचा परीक्षकांवर विसंबतो आणि मी त्या कुणावर तरी.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहून ठेवला: व्यावसायिक परीक्षक केबलबद्दल जे लिहितो, त्यावर विसंबून पैसे टाक असं मी भाच्याला सांगू शकते का? केबल चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. तो वाटेत सुटला तर सुटला.

नावं ठेवली. त्याची ती पाहुणी. माझ्या अँपला (अँप्लिफायरला) लागलेली २.५ चौरस मिलिमीटरची साधी दोनपदरी तांब्याची केबल, तीही तीन मीटर, ती घरची.

रविवार, ८ जून

तिन्ही परीक्षणं छापून घेतली आणि पेन घेऊन बसले. जे मोजलेलं आहे त्याखाली तांबडी रेघ, जे मी स्वतः हाताने तपासू शकते त्याखाली हिरवी, बाकी सगळं शिसपेन्सिलीने.

हिरवं अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. केबल लवकर वळत नाही, भिंतीपासून वीतभर जागा लागते, वजनाने हलका अँप मागे ओढला जातो, प्लग घट्ट बसतो. हे सगळं खरं आहे, मी काल हातात धरून पाहिलं. तांबडं अगदी थोडं: एकात तारेचा छेद, दुसऱ्यात वजन. उरलेली पानं करडी झाली.

करड्या मजकुरात ठरलेली माणसं भेटतात. "पार्श्वभूमी आणखी काळी झाली." "वाद्यांभोवती हवा आली." "पडदा दूर झाला." दर नव्या केबलीगणिक एक पडदा दूर होतो, इतके पडदे निघालेत की मुळात त्या खिडकीला किती टांगले होते कोण जाणे. आणि ते हमखास वाक्य: आतल्या खोलीत काम करणाऱ्या बायकोनेही हाक मारून विचारलं, आज काय बदललंस? या बायकांना कधी कुणी खुर्चीत बसवून परीक्षण लिहायला सांगत नाही. त्यांचे कान साक्षीपुरते.

आकडे नाहीत याचं मला वाईट वाटलं नाही. गाण्याबद्दल लिहिताना कोण आकडे देतं? खटकलं ते वेगळंच. एक केबल काढून दुसरी लावायला किती वेळ गेला, दोन्ही वेळा आवाजाची पातळी तीच होती का, कुठली लागली आहे हे ऐकणाऱ्याला माहीत होतं का, यातलं काहीही तिघांपैकी कुणी लिहिलेलं नाही. शिवाय मजकुराची बांधणी अशी की तो चुकूच शकत नाही. फरक ऐकू आला नाही? तुमची सिस्टीम तेवढी पारदर्शक नाही. तरीही नाही? केबल अजून मुरायची आहे, शंभर-दोनशे तास वाजू द्या. तेवढ्या तासांत केबल मुरते की कान, हे कोण सांगणार. परत करायची मुदत मात्र मुरते.

मंगळवार, १० जून

मोजमाप. सरळ काम वाटलं होतं, सरळ गेलं नाही.

साध्या मल्टिमीटरने स्पीकर केबलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजता येत नाही. त्याच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ ओहम दाखवतो, आणि केबल त्याहून कितीतरी खाली असते. म्हणून चार तारांची पद्धत: केबलचं लांबचं टोक जोडून टाकायचं, बेंच सप्लायमधून बरोबर १ अँपिअर सोडायचा, आणि जवळच्या टोकाला वेगळ्या काड्यांनी मिलीव्होल्ट वाचायचे. घरची आधी ६१ मिलीव्होल्ट आली. हिशेबाने ४० च्या आसपास यायला हवी होती. अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की काड्या मी मगरचिमट्यावर टेकवल्या होत्या, तांब्यावर नाही. चिमट्याची पकडच १८ मिलीव्होल्ट खात होती. तांब्यावर टेकवल्या, ४३. म्हणजे जाऊन-येऊन ०.०४३ ओहम. पाहुणी ०.०२६.

(घराघरांतल्या सिस्टीमींत प्लगाची सैल पकड केबलच्या फरकाएवढी असू शकते, हे त्या अर्ध्या तासाने फुकटात शिकवलं. नवी केबल लावल्यावर आवाज सुधारला असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचा खरंच सुधारला असेल. जुना प्लग काढून पुसून पुन्हा लावला असता तरी सुधारला असता.)

आता याचा अर्थ किती? स्पीकरचा इंपिडन्स, म्हणजे एसी सिग्नलला होणारा त्याचा एकूण विरोध, सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो. भाच्याच्या स्पीकरच्या आलेखात तो कुठे ३.४ ओहमपर्यंत उतरतो, कुठे ३० पर्यंत चढतो. केबलचा रोध ३.४ पाशी सगळ्यात जास्त खातो: घरची ०.११ डेसिबल, पाहुणी ०.०७. फरक ०.०४ डेसिबल. माझ्या रोजच्या कामात मी फेडर (आवाजाची सरकपट्टी) याहून जास्त चुकून हलवते.

परीक्षणांत, आणि त्याआधी माहितीपत्रकात, स्किन इफेक्टवर बराच जोर आहे. हा परिणाम खोटा नाही. फ्रीक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या कडेकडेने वाहू लागतो. तांब्यात २० किलोहर्ट्झला त्याची खोली जेमतेम ०.४७ मिलिमीटर. माझ्या घरच्या केबलच्या तारेची त्रिज्या साधारण ०.९, म्हणजे अगदी वरच्या टोकाला मधलं तांबं जरा आळशी होतं. किती? रोध साधारण चौथ्या हिश्शाने वाढतो, ०.०४३ चा ०.०५४ होतो. आठ ओहमच्या स्पीकरसमोर! यापेक्षा इंडक्टन्स (ज्यामुळे केबलचा विरोध फ्रीक्वेन्सीबरोबर वाढतो) जास्त बोलतो. एलसीआर मीटरवर घरची १.९ मायक्रोहेन्री आली, २० किलोहर्ट्झला ०.२४ ओहम. सगळ्यात वाईट बाजूने हिशेब धरला तरी तिथे पाव डेसिबल, आणि माझ्या वयाला २० किलोहर्ट्झ ऐकू येणं बंद होऊन जमाना झाला.

केबलींच्या मजकुरातलं भौतिकशास्त्र बहुतेक वेळा खरंच असतं. त्यातून "किती" तेवढं गळलेलं असतं. परिणामाचं नाव येतं, त्याचं माप येत नाही, आणि वाचणारा मनातल्या मनात हवं तेवढं माप भरून घेतो.

शनिवार, १४ जून

आज ऐकलं. उघड्या डोळ्यांनी, परीक्षकांसारखंच. मुद्दाम. त्यांना नावं ठेवायच्या आधी त्यांच्या खुर्चीत बसून बघावं म्हणून.

भाचा अँपच्या मागे गुडघ्यांवर, मी समोर वही घेऊन. एक तंबोऱ्यांचं नुसतं रेकॉर्डिंग, चार मिनिटांचं, आणि एक संथ गायन. तंबोरा यासाठी की जवारीत वरचे सूर पिसाऱ्यासारखे उघडतात. वरच्या टोकाला काही घडलं तर तिथे लपणार नाही. तो "घरची" म्हणून ओरडायचा, मी ऐकून लिहायची, मग "पाहुणी".

वहीतून जसंच्या तसं:

पहिली, घरची: ठीक. खर्ज जरा सैल.
दुसरी, पाहुणी: खर्ज आवळला. जवारी सुटी सुटी. बरं आहे की!
तिसरी, घरची: पुन्हा मघासारखं, थोडं चपटं.
चौथी, पाहुणी: हवा आली. गायिका पहिल्या आलापाआधी श्वास घेते, तो आत्ता ऐकू आला. आधी नव्हता. डाव्या तंबोऱ्याची चौथी तार किंचित उतरलेली आहे.

शेवटची ओळ लिहिताना मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. मी मनात शरणागतीचं भाषणसुद्धा तयार करत होते. भाचा मागून बाहेर आला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "मावशी, रागावू नकोस. चौथ्या वेळी उजव्या बाजूचा स्क्रू अडकला. निघेचना. मग मी दोन्हीकडे घरचीच ठेवली आणि पाहुणी म्हणून ओरडलो."

म्हणजे श्वास घरच्या केबलने ऐकवला.

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. श्वास आहे. स्पष्ट आहे. चौथी तारही उतरलेलीच आहे. दोन्ही पहिल्या वेळीही तिथेच होतं.

रविवार, १५ जून

कालचं पान पुन्हा पुन्हा वाचते आहे. माझं अक्षर, माझे शब्द, आणि त्या तीन परीक्षणांतल्या कुठल्याही परिच्छेदात खपून जाईल असा मजकूर. कुणी मला पैसे दिले नव्हते. मला तर केबल आवडायलाही नको होती.

काय झालं असावं? एकच तुकडा चौथ्यांदा ऐकताना कान नव्या जागी जातो. पहिल्या वेळी सूर धरतो, दुसऱ्या वेळी लय, चौथ्या वेळी मोकळा झालेला असतो, मग श्वास सापडतो. रेकॉर्डिंगमध्ये एका ऐकण्यात मावेल त्याहून जास्त असतंच. सापडलेली गोष्ट खरी असते. तिचं श्रेय कुणाला द्यायचं हे मात्र कान ठरवत नाही. त्या क्षणी जे बदललं असं आपल्याला माहीत असतं, त्याच्या पदरात ते पडतं. परीक्षक घरी महिनाभर एक केबल ऐकतो, आवडीची गाणी बारकाईने पुन्हा ऐकतो. त्याला नवं काही ऐकू आलं नाही तरच नवल.

त्यामुळे "तिघांचे कान कसे चुकतील" याचं उत्तर असं की कान चुकलेच नसतील. तिघांनाही आधी माहीत होतं काय लागलं आहे. तिघांनी एकच माहितीपत्रक वाचलं होतं. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार, पण तिघांना घटना एकानेच सांगितलेली.

हे धंद्याला नवं नाही. बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्येच ए-बी-एक्स पद्धत मांडली: अ ऐकवा, ब ऐकवा, मग त्यातलाच एक क्ष म्हणून ऐकवा आणि ओळखायला सांगा. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठीच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत ४० जणांना चार स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड, अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. दिसत होते तेव्हा स्पीकरांतलं अंतर गुणांमध्ये मोठं, पडद्याआड ते आक्रसलं. आणि डोळे उघडे असताना, स्पीकर खोलीत कुठे ठेवलाय याचा खराखुरा फरक लोकांना कमी जाणवला. मला हा दुसरा भाग जास्त लागला. ते ४० जण त्याच कंपनीत काम करणारे होते. बघून ऐकणाऱ्याला नसलेलं ऐकू येतं एवढ्यावर भागत नाही, असलेलंही निसटतं.

जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' काढलं आणि ऐकून लिहायच्या परीक्षणाची परंपराच घालून दिली. त्याच होल्ट यांनी २००७ मध्ये, त्याच मासिकातल्या मुलाखतीत, या छंदाने अंध चाचणीसारखी (काय लागलं आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता घेतलेली) साधी प्रामाणिकपणाची अट नाकारून स्वतःची पत घालवली असं सांगितलं. त्यांनी ज्या घराची पायाभरणी केली त्याच घरात बसून.

मंगळवार, १७ जून

पेटी तयार. चार रिले (विजेने चालणारे स्विच), दर बाजूला दोन्ही टोकांना एकेक, मधे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक चिमुकला संगणक. तोच मनाशी क्रम ठरवतो, आम्हा दोघांना कळत नाही. रिलेच्या संपर्कांचा रोध ८ मिलिओहम, दोन्ही वाटांना सारखाच.

संध्याकाळी एकटीने रंगीत तालीम घेतली. १६ पैकी १४ बरोबर! अंदाजपंचे एवढं येण्याची शक्यता हजारात दोन. हात थरथरले. भाच्याला फोन लावणार होते.

मग आणखी एक फेरी घेतली आणि स्वतःकडे लक्ष ठेवलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच माझं बोट बटणावर जात होतं.

रिले ओढला जातो तेव्हा "टक" वाजतो, सुटतो तेव्हा "टिक". पाहुणी ओढलेल्या बाजूला होती. मला हे माहीत नव्हतं, पण माझ्या कानाला पाच-सहा फेऱ्यांतच कळलं होतं. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी बर्लिनच्या त्या हान्स नावाच्या हिशेबी घोड्याची परीक्षा घेतली होती. घोडा गणितं करत नव्हता, प्रश्न विचारणाऱ्याची मान हलली की टाप थांबवत होता. मालकाला स्वतःची मान हलते हे माहीतच नव्हतं. मी आज घोडाही आणि मालकही.

उपाय: बदलाच्या वेळी स्पीकरमधून अर्धा सेकंद खरखर, आणि रिलेंवर गोधडी. दुसऱ्या तालमीत १६ पैकी ८.

शनिवार, २१ जून

चाचणी. श्रोते तीन: मी, भाचा, आणि माझी एक सहकारी, जिचे कान आमच्या खात्यात सगळ्यात तिखट मानले जातात. प्रत्येकी १६ फेऱ्या, घाई नाही, हवं तितक्या वेळा अ-ब-क्ष मागेपुढे करायची मुभा, गाणी ज्याची त्याने आणलेली. १६ पैकी १२ आले तर "ऐकू येतं" म्हणायचं, हे आधीच लिहून सही केली. निव्वळ नशिबाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ३.८ टक्के.

मी ९. भाचा ७. सहकारी १०.

सहकारीचं म्हणणं, दहा म्हणजे काहीतरी आहे. नाणं उडवूनसुद्धा चार-पाच वेळांत एकदा दहा किंवा जास्त येतात, हे तिला कागदावर करून दाखवलं. ती म्हणाली, मग मला आणखी १६ द्या. दिल्या. ६. ती हसली आणि पाणी प्यायला गेली.

इथे एक टाचण. वीस परीक्षकांनी प्रत्येकी अशा १६ फेऱ्या घेतल्या आणि कुणालाच काही ऐकू येत नसलं, तरी त्यांतला एखादा तरी १२ चा उंबरठा ओलांडेल याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५४ टक्के. आणि लेख कोण लिहील? तोच.

भाच्याने खरा प्रश्न विचारला. "पण मावशी, कदाचित तुझी पेटीच फरक गिळत असेल." हा आक्षेप मला हवाच होता, कारण अशा चाचण्यांतली ढिलाई बहुधा इथेच असते. काही ऐकू आलं नाही म्हणजे काही नव्हतं, की मोजपट्टीच आखूड होती? त्यासाठी तिसरी केबल आणून ठेवली होती. १० मीटर, ०.५ चौरस मिलिमीटर, दरवाजाच्या घंटीला वापरतात तसली. मोजलेला रोध ०.७२ ओहम. हिशेबाने ती स्पीकरच्या ३.४ ओहमच्या जागी १.७ डेसिबल खाते आणि ३० ओहमच्या जागी फक्त ०.२. म्हणजे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा आकार दीड डेसिबलने वाकतो.

तीच पेटी, तीच गोधडी, त्याच खुर्च्या. मी १६ पैकी १५. भाचा १६ पैकी १६.

पेटी ऐकते.

गंमत पुढेच. क्ष कुठला ते न सांगता मी भाच्याला म्हटलं, या दोन्हींचं परीक्षण लिही. घंटीच्या तारेबद्दल त्याने लिहिलं: "मवाळ, ऊबदार, खर्ज भरदार, ऐकत राहावंसं." चूक नाही लिहिलं. खर्जात स्पीकरचा इंपिडन्स चढलेला असतो, तिथे ही तार कमी खाते, मधे जास्त खाते, म्हणून खर्ज पुढे येतो. सगळ्यात सुमार केबलने आज सगळ्यात जास्त फरक दाखवला आणि सगळ्यात छान विशेषणं मिळवली.

व्यावसायिकांनी हे कधी केलंच नाही असं नाही. ऑगस्ट १९८३ च्या 'स्टिरिओ रिव्ह्यू'मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी केबलींची अंध तुलना छापली होती. बारीक २४ गेजची तार पिंक नॉइझवर (सगळ्या फ्रीक्वेन्सींच्या सलग खरखरीवर) ओळखता आली. साधी १६ गेजची तार आणि नावाजलेली जाड केबल यांच्यातला फरक संगीतावर भरवशाने ओळखता आला नाही. आमच्या खोलीतलं चित्र याच्याशी जुळतं. त्या परीक्षणावर मी विश्वास ठेवते, आणि तो निकाल मला सोयीचा आहे म्हणून नव्हे. ऐकणारे नापास होऊ शकतील अशी ती चाचणी होती, आणि पासही होऊ शकतील अशी.

मंगळवार, २४ जून

सहकारीने आज कामावर छेडलं: "म्हणजे सगळ्या केबली सारख्याच म्हण ना." नाही म्हणणार.

फोनोची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची केबल घ्या. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) गुंडाळीचा इंडक्टन्स ५०० मिलिहेन्रीच्या आसपास असू शकतो. त्याला केबल आणि प्रीअँप मिळून २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) लागला तर रेझोनन्स, म्हणजे आवाजाचा उठाव, साधारण १६ किलोहर्ट्झला. केबल बदलून तेच ४०० झाले की तो ११ वर उतरतो, म्हणजे बहुतेकांच्या ऐकण्याच्या टप्प्यात. इलेक्ट्रिक गिटारचं तर त्याहून पुढे: पिकअपचे (तारांची कंपनं पकडणाऱ्या गुंडाळीचे) काही हेन्री आणि लांब केबलचे ५०० पिकोफॅरड मिळून टोकदारपणा ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, गिटारवाले केबलची लांबी बदलून आवाज बदलतात ते उगाच नव्हे. याउलट सीडी प्लेअरसारख्या १०० ओहमच्या आउटपुटला १०० पिकोफॅरड लावले तर कपात १६ मेगाहर्ट्झला होते, वटवाघळालाही तिथे काही ऐकू येत नाही.

म्हणजे केबल कुठे लागणार यावर सगळं आहे, आणि जिथे खरंच फरक पडतो तिथे ग्राहकाला एकच आकडा हवा असतो: मीटरमागे किती पिकोफॅरड. भाच्याने फोनो केबलींची दोन परीक्षणं दाखवली. चांदीचा मुलामा, विणीची तऱ्हा, रेशमी वरचा पट्टा, सगळं होतं. पिकोफॅरड नव्हते.

शनिवार, २८ जून

भाच्याबरोबर शेवटची बैठक. त्याला हितसंबंधांची बाजू महत्त्वाची वाटते: केबली परीक्षकांकडे महिनोन्‌महिने उसन्या राहतात, परीक्षणाच्या शेजारच्या पानावर जाहिरात असते. असते, आणि ते वाचकाला सांगितलं पाहिजे. पण मला आता तो मुद्दा दुय्यम वाटतो. १४ तारखेचं माझं पान विकाऊ नव्हतं आणि तरीही निरुपयोगी होतं. अगदी साधू परीक्षकही त्या पद्धतीने ऐकेल तर तसंच पान लिहील.

त्याने २००७ ची गोष्ट काढली. चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी महागड्या केबली अंध चाचणीत ओळखून दाखवा आणि संस्थेचे दहा लाख डॉलर न्या असं आव्हान दिलं होतं. एक नामवंत परीक्षक पुढे आला, केबल बनवणाऱ्याने अंग काढून घेतलं, वाद रंगला, चाचणी झालीच नाही. मला अशा कुस्त्यांचं फार कौतुक नाही. गोधडी, चार रिले आणि एक शनिवार पुरतो.

मग त्याला काय सांगितलं: परीक्षणातलं हिरवं खुशाल मान. वळते का, प्लग कसा, लांबी पुरते का, वर्षभराने सोल्डर टिकलं का. हे त्यांनी हाताळलेलं असतं, तू हाताळलेलं नसतं. शिसपेन्सिलीतलं त्यांच्या त्या संध्याकाळचं वर्णन म्हणून वाच, कधी कधी त्यात गाण्याबद्दल चांगलं काही सापडतं. केबलबद्दल त्यातलं काही घेऊ नकोस, जोवर ते "मला माहीत नव्हतं कुठली लागली आहे" असं लिहीत नाहीत.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण १४ तारखेला तू आनंदात होतीस, मावशी." होते. त्याला तेवढं दिसलं हे आवडलं मला.

पाहुणी परत जाणार. पेटीत भरताना दोघांनी मिळून गुंडाळली, तिला एकट्याने गुंडाळता येत नाही. डाव्या बाजूची रिलेपासून सोडवताना भाचा थांबला. बाण अँपकडे होता. १७ तारखेला मीच जोडली होती. सगळ्या फेऱ्यांत डावी उलटी आणि उजवी सुलटी वाजली.

त्याने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उरलेत अजून आठ दिवस," तो म्हणाला. मी गोधडी परत आणायला आत गेले.